पुट अप विथ – नापास

७ जानेवारी

नाही म्हणजे नाही! पुस्तकावर माझं नाव आल्याशिवाय कोशातली शेवटची नोंद या घराबाहेर पडणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे सकाळी उठून मीच विरघळायला नको.

संध्याकाळी प्रकाशक कव्हरचा नमुना घेऊन आला होता. आप्पांचा कोश – इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्जचा, मराठी माणसासाठी, अर्थ आणि वापरासकट. आप्पा म्हणजे माझे सासरे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाल्यावर कोशाला बसले ते अजून उठलेले नाहीत. कव्हर छान आहे, निळं. खाली नाव एकच. आप्पांचं.

मी कप खाली ठेवला. विचारलं, "आणि माझं?"

प्रकाशकाने बशीकडे पाहिलं. आहे की वहिनी, ऋणनिर्देशात, म्हणाला. पान उघडून दाखवलं. 'सूनबाईंनी वेळोवेळी साहाय्य केले.' वेळोवेळी! अकरा वर्षं, रोज संध्याकाळी, घरात ताप असो नाहीतर पाहुणे असोत, त्या टेबलाशी बसते मी. याला म्हणतात वेळोवेळी! वर त्याचं म्हणणं, सरांचं नाव लोकांना माहीत आहे, दोन नावं दिसली की गिऱ्हाईक बिचकतं.

आप्पांचं म्हणणं वेगळं. त्यांना गिऱ्हाइकाशी देणंघेणं नाही. "पुस्तकाला नाव एकच असतं. दोन नावं दुकानाच्या पाटीवर. चूक निघाली तर शिव्या कुणाला द्यायच्या, हे लोकांना कळलं पाहिजे."

"मग निम्म्या चुका माझ्या आहेत," मी म्हटलं. "माझ्या वाट्याच्या शिव्या मला मिळाल्या पाहिजेत."

नवरा खोकला. विषय बदलायचा असला की त्याला खोकला येतो. प्रकाशक गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली आणि स्वच्छ सांगितलं – मी हे खपवून घेणार नाही. ऐकायला सासूबाई होत्या. त्या पातेलं घासत होत्या, घासतच राहिल्या.

८ जानेवारी

माझ्या हातात काय आहे तेही लिहून ठेवते.

टेबल. हे खरं म्हणजे जेवणाचं टेबल. सासूबाईंनी हौसेने घेतलेलं, चार खुर्च्यांसकट. त्यावर कोश पसरला आणि हे घर मांडीवर ताट घेऊन जेवायला लागलं. चौथ्या खुर्चीवर जाडजूड डिक्शनऱ्यांची चळत असते. नोंदींच्या चिठ्ठ्या अक्षरवार लावलेल्या, चष्म्याच्या जुन्या डब्यांत. डबे माझ्या दुकानातले – मी सकाळी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते.

नियम दोन. दोन्ही आप्पांचे. पहिला – उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही. कुणीतरी खरोखर बोललेलं, आपल्या कानांनी ऐकलेलं मराठी वाक्य घ्यायचं आणि मग त्याचं इंग्रजी करायचं. आमच्या कोशात शेजाऱ्यांची सगळी भांडणं आहेत. नशीब, त्यांना कोश वाचायची सवय नाही. दुसरा नियम – नोंद मोठ्याने वाचायची, आणि तिघांनी पास म्हटलं तरच ती पक्की. एकाने जरी नापास म्हटलं तर परत.

मी या घरात येण्याआधी बापलेक दोघंच बसत, आणि नवरा जेवणाच्या घाईत सगळंच पास करून टाकायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत आप्पांनी मला एक नोंद वाचून दाखवली. कशी वाटते म्हणून. मी म्हटलं, चुकलीय. सासूबाईंच्या हातातला डाव खाली पडला. पण दुसऱ्या दिवशी तिसरी खुर्ची पुढे ओढलेली होती. "हिला नापास म्हणता येतं," असं आप्पा नवऱ्याला सांगत होते. मला तेव्हा काय भारी वाटलं होतं!

आता सगळा कोश पास झालाय आणि एक नोंद राहिलीय. पुट अप विथ. वर्षानुवर्षं जमत नाही म्हणून मागे ठेवत गेलो. ठेव, वर, सोबत – तीन साधे शब्द, एकाचाही त्रासाशी संबंध नाही. एकत्र आले की अर्थ काय, तर नकोशी गोष्ट निमूटपणे चालू देणं. आणि मध्ये कुणाला शिरू देत नाहीत. जे काही सोसायचं असेल ते तिघांच्या मागे येऊन उभं राहतं. नुसत्या पुट अपचं तसं नाही. त्याचे अर्थ सतरा – पोस्टर लावणे, हात वर करणे, पाहुण्याला घरी ठेवून घेणे. पाहुणा आठवडाभर हलला नाही की मग विथ लागतं, असं नवरा म्हणतो. त्याचा कोशातला हा एकमेव विनोद.

आज आप्पांनी वाचली. अर्थ – सहन करणे, सोसणे. उदाहरण – मला डोकेदुखी सहन करावी लागते.

नवरा म्हणाला, पास.

मी म्हटलं, "नापास."

का, असं आप्पांनी विचारलं. म्हटलं, या घरात असं कोण बोललं? माणसं म्हणतात डोकं ठणकतंय, डोकं उठलंय. डोकेदुखी सहन करावी लागते असं फक्त औषधाच्या जाहिरातीत म्हणतात.

त्यांनी चिठ्ठी परत घेतली. घ्यावीच लागली. नियम त्यांचाच!

एक मात्र मनाशी ठरवलंय. खोटं नापास म्हणायचं नाही. चूक दिसेल तरच. पण चूक काढायला मला कोण शिकवणार? त्यांनीच तर शिकवलंय.

९ जानेवारी

नापास.

११ जानेवारी

दुकानात आज एक बाई आल्या. त्यांच्या चष्म्याची एक काडी कानामागे रुतत होती, लाल वळ उठला होता. काडी गरम करून वाकवते म्हटलं, दोन मिनिटांचं काम. तर म्हणाल्या, राहू दे हो, इतकी वर्षं चालवून घेतलंय, आता काय. मी तिथेच काउंटरवर टाळी वाजवणार होते! हेच ते. हाच पुट अप विथ. काडी वाकवलीच मी त्यांची, विचारत बसले नाही.

संध्याकाळी टेबलावर मांडलं. म्हटलं, पहिला अर्थ चालवून घेणे. मोठ्या दुःखाला हे क्रियापद लावतच नाहीत. माणूस गेलं, घर जळलं, तर इंग्रज तिथे पुट अप विथ म्हणणार नाही. हे लावायचं चावणाऱ्या बुटाला, शेजारच्या ड्रिल मशीनला, खडूस साहेबाला, घोरणाऱ्या नवऱ्याला. नवरा पुन्हा खोकला.

आप्पा म्हणाले, चालवून घेणे हा बाजारातला शब्द आहे, कोशात शोभत नाही. सोसणे यात वजन आहे. म्हटलं, वजन आहे म्हणूनच नको. आमचं बरंच वाजलं. चहा गार झाला आणि सासूबाईंनी न बोलता तो परत गरम करून आणला.

१२ जानेवारी

आप्पांनी आता चिठ्ठीतून लढाई सुरू केलीय! आजचं उदाहरण ऐका – 'हल्ली म्हाताऱ्या माणसाला सुनेची अरेरावी सोसावी लागते.'

"कोण म्हणालं हे?" मी विचारलं.

"मी. आत्ताच."

"स्वतःचं वाक्य ऐकीव होत नाही, आप्पा. नापास."

मग मी माझी चिठ्ठी वाचली. अर्थ दुसरा – खपवून घेणे, एखाद्याची वागणूक, बहुतेक वेळा नकारासोबत. उदाहरण – मी हे खपवून घेणार नाही. कोण म्हणालं, असं आता त्यांनी विचारलं. म्हटलं, मी, पण सात तारखेला, स्वयंपाकघरात, आईंनी ऐकलंय. साक्षीला सासूबाईंना हाक मारली. त्या आतूनच म्हणाल्या, नळ चालू होता, मी काही ऐकलं नाही बाई.

आप्पांनी मला नापास केलं. म्हणाले, कोश आहे, त्यात धमक्या नकोत.

नवऱ्याने मात्र दोघांनाही पास म्हटलं. एकाच बैठकीत! याला मी काय म्हणू? मला नाव नको, मला जेवायला टेबल हवं, असं त्याचं धोरण आहे.

१३ जानेवारी

हद्द झाली. आप्पा सकाळी केस कापायला गेले होते. डोक्यावर आहेतच किती! संध्याकाळी तेच कालचं वाक्य परत – सुनेची अरेरावी सोसावी लागते. आणि छाती फुगवून म्हणाले, केस कापणाऱ्याने म्हटलंय, माझ्या दोन्ही कानांनी ऐकलंय.

मी विचारलं, आपणहून म्हणाला?

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, नाही, मी त्याला म्हणायला सांगितलं.

नवरा इतका हसला की खुर्चीसकट मागे गेला. मीही हसले. आप्पा हसले नाहीत, पण चिठ्ठी त्यांनी स्वतःच फाडली. माणूस खोटं बोलू शकत नाही, हा त्यांचा मोठा तोटा आहे. मला भांडायला तेवढं सोपं जातं.

१४ जानेवारी

नवऱ्याने आज मध्यस्थी केली. दुकानातून मला घ्यायला आला, असा तो कधी येत नाही, तेव्हाच ओळखलं. रस्ताभर समजावत होता. अगं, म्हातारा माणूस आहे, समजून घे. त्यांची शेवटची इच्छा आहे, सांभाळून घे. ऋणनिर्देशात पाहिजे तर दोन ओळी वाढवू, एवढं चालवून घे.

मी चौकातच थांबले. माणसं बाजूने जात होती, जाऊ देत. म्हटलं, या घरात आल्यापासून मला सगळे घ्यायलाच सांगताहेत. समजून घे, जुळवून घे, ऐकून घे, सांभाळून घे, चालवून घे. एवढं सगळं घेतलं. नाव तेवढं घ्यायचं नाही?

थोडं चालल्यावर त्याने माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. त्याने पिशवी घेतली म्हणून काय होतंय! पण दिली.

१५ जानेवारी

नापास. कारण विचारू नका इतकं उघड होतं – उदाहरणात क्रियापदच चुकीच्या काळात. रागात त्यांच्याकडून अशी चूक झाली म्हणून मला वाईट वाटलं. पण पास म्हटलं नाही.

१७ जानेवारी

प्रकाशकाचा फोन. महिनाअखेरीच्या आत मजकूर दिला तर छपाई होईल, नाहीतर छापखाना पाठ्यपुस्तकांना लागतो, मग वर्षभर नाव काढायला नको. आप्पांचं वय बघता वर्षभर थांबणं कुणालाच परवडणारं नाही. हे त्यांना कळतं, मला कळतं, आणि आम्ही दोघंही ते बोलत नाही.

नवऱ्याने तोडगा काढला. म्हणाला, एक नोंद नसली तर काय बिघडतं? कुणाच्या लक्षात येणार आहे? किंवा अशीच घालू. पास तर दोघांचं आहेच.

आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या शाळेतल्या पोरांची दया आली. "नियम आहे," एवढंच म्हणाले. तिघांनी म्हटल्याशिवाय नाही.

त्यांना मला डावलून सहज पाठवता आलं असतं! कोण अडवणार होतं? मी त्या माणसावर इतकी चिडलेय आणि तरी त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला. हे फक्त इथे लिहितेय. उद्या टेबलाशी असं काही दाखवणार नाही.

१८ जानेवारी

प्रकाशक टेकीला आलाय. आज त्याने आप्पांना फोनवर सांगितलं म्हणे, दोन नावं तर दोन नावं, गिऱ्हाइकाचं मी बघतो, पण पुस्तक द्या. म्हणजे आता आड एकटे आप्पाच. त्यांचं तेच – पुस्तकाला नाव एकच. दोन नावं टाकणार असाल तर छापूच नका, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ठीक आहे. त्यांच्याकडे तत्त्व आहे, माझ्याकडे नापास आहे. बघू कोण दमतं.

१९ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

आप्पा चिठ्ठी घेऊन बसले. आवाज रोजच्यासारखा नव्हता. वाचलं – 'सून मला अकरा वर्षं सोसते आहे.'

मी सवयीने विचारलं, कोण म्हणालं. म्हणाले, प्रकाशक, काल फोनवर. सर, सून तुम्हाला अकरा वर्षं सोसतेय, असं म्हणाला. मी त्याला म्हणायला सांगितलेलं नाही.

नवरा हळूच म्हणाला, पास.

ऐकीव होतं, काळ बरोबर होता, इंग्रजीही स्वच्छ. आणि ते वाक्य वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी चूक शोधत होते आणि ती सापडत नव्हती. पास म्हटलं की नाव गेलं, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसत. बैठक चालू असताना त्या कधी टेबलाजवळ येत नाहीत, चहा ठेवतात आणि जातात. आज उभ्या राहिल्या.

"सोसते कसली?" त्या आप्पांना म्हणाल्या. "ही रोज भांडते तुमच्याशी. भांडणारं माणूस सोसत नसतं. चालवून घेतलं ते मी."

आप्पांनी मान वर केली.

सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. भाजी काय करायची विचारतात त्याच आवाजात बोलल्या. टेबल मी आणलं, म्हणाल्या, आणि त्यावर एकदा तरी जेवले का मी? माझ्या बहिणीला पलंगावर ताट दिलं मी, ती परत आली नाही जेवायला. सहा वाजले की रेडिओ बंद. का, तर तुम्हाला शब्द ऐकू येत नाहीत. मला गाणी ऐकू आली नाहीत त्याचं काय? हिने तुम्हाला एक दिवस सोडलं नाही. मी सगळं सोडलं.

आणि आत गेल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून रेडिओ सुरू झाला. चांगला मोठ्याने.

कुणी पास म्हटलं नाही, कुणी नापास म्हटलं नाही. आप्पांनी चिठ्ठी डब्यात परत ठेवली आणि डब्याचं झाकण लागेना.

मी इथे एकटीच बंडखोर आहे असं समजत होते. लाज वाटली थोडी. पण खरं सांगायचं तर जास्त आनंद झाला. रेडिओ ऐकत स्वयंपाकघरात बसले त्यांच्याजवळ. त्यांनी माझ्यापुढे शेंगा टाकल्या, सोल म्हणाल्या.

२० जानेवारी

बैठक नाही. रेडिओ आहे.

२२ जानेवारी

आजही बैठक नाही. आप्पा टेबलाशी एकटे बसले होते, समोर काही न घेता. मी दुकानातून आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, तुझ्या त्या बाई काय म्हणाल्या होत्या, चष्म्याच्या काडीवाल्या. सांगितलं – इतकी वर्षं चालवून घेतलंय, आता काय. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं.

मग म्हणाले, "पण तू काडी वाकवलीस ना?"

म्हटलं, हो, लगेच.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता नावाचं काही बोलतील. काही नाही. आणि मीही विचारलं नाही. भीक मागायची नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलंय.

२४ जानेवारी

मी पास म्हटलं.

संध्याकाळी आप्पांनी आधी चौथी खुर्ची मोकळी केली. त्या सगळ्या डिक्शनऱ्या स्वतः एकेक करून जमिनीवर ठेवल्या, नवऱ्याला हात लावू दिला नाही. मग आत जाऊन सासूबाईंना घेऊन आले. म्हणजे पुढे आप्पा आणि मागे त्या, काय नवीन खूळ आहे असा चेहरा करून. बसल्या. आपल्याच खुर्चीवर पाहुण्यासारख्या, अर्ध्या.

आप्पांनी वाचलं. अर्थ पहिला – चालवून घेणे. अर्थ दुसरा – खपवून घेणे, बहुतेक वेळा नकारासोबत. वापर – चीड आणणाऱ्या पण रोजच्या गोष्टींसाठी, मोठ्या दुःखासाठी नव्हे. आणि उदाहरण – 'ही रोज भांडते तुमच्याशी. भांडणारं माणूस सोसत नसतं. चालवून घेतलं ते मी.'

मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, तुझं वाक्य आहे, वापरू का?

"वापरा," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव नका हं घालू त्यात."

मी कपाळावर हात मारला! एक मी नावासाठी जिवावर उदार झालेय आणि एक या!

नवऱ्याने पास म्हटलं. यावेळी विचार करून, असं वाटलं.

मग माझी पाळी. मी चिठ्ठी हातात घेऊन परत वाचली. एक शब्द हलवायला जागा नाही. माझे दोन्ही अर्थ आहेत. वाक्य ऐकलेलं आहे, आम्हा तिघांसमोर बोललेलं. इंग्रजी आप्पांचं, आणि काय इंग्रजी आहे! इतकी वर्षं जी नोंद जमत नव्हती ती समोर होती. मी नापास म्हणू शकत होते. कोण अडवणार होतं?

आप्पा म्हणाले, "विचार कर. पास म्हटलंस की उद्या पुस्तक जातं."

"माहीत आहे."

"आणि तुझं ते नावाचं?"

"नावाचं नाव काढू नका," मी म्हटलं. "तुमचं चुकलंय, आणि ते मी मरेपर्यंत म्हणणार. पण नोंद बरोबर आहे. पास."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसायला लागले, आणि पुसतच राहिले.

हातातलं एकमेव हत्यार मी स्वतः खाली ठेवलं. खोलीत आल्यावर उशी भिंतीवर फेकली. रडले. हो, रडले, इथे कुणाला काय लपवायचंय! पण पश्चात्ताप नाही. खोटं नापास म्हणून मिळवलेलं नाव कव्हरवर बघायला मला आवडलं नसतं. आणि चोरलेलं नाव आप्पांना बघायला आवडेल का, ते त्यांचं त्यांनी बघावं.

२५ जानेवारी

आप्पा स्वतः गेले प्रकाशकाकडे. मजकुराच्या दोन पिशव्या, रिक्षा, सगळं एकट्याने. नवरा बरोबर निघाला तर त्याला दारातून परत पाठवलं. एरवी हा माणूस कोपऱ्यावर पेपर आणायला जायचा कंटाळा करतो. आपलं नाव छापायला द्यायचं म्हटल्यावर पायांत बळ आलं!

उशिरा आले. कुणी काही विचारलं नाही. मी तर नाहीच.

२७ जानेवारी

टेबल रिकामं. चष्म्याचे डबे सासूबाईंनी माळ्यावर टाकले, दोन ठेवून घेतले मसाल्याला. चौघं टेबलावर जेवलो. आप्पांचा हात सारखा चिठ्ठी शोधत होता, ताटाच्या उजव्या बाजूला. सासूबाईंनी तिथे पाण्याचा पेला ठेवला.

सहा वाजले की पाय आपोआप टेबलाकडे वळतात. जाऊन काय करायचं?

३ फेब्रुवारी

ठरवलं. मी स्वतःचं पुस्तक करणार. चष्म्याच्या दुकानात ऐकलेली मराठी, तिचं इंग्रजी. एकटीचं, आणि नाव एकच, माझं. आप्पांना वाचून दाखवणार आणि त्यांना नापास म्हणायचं असेल तर म्हणू देणार. दुकानात बसल्या बसल्या पहिल्या चार चिठ्ठ्या लिहिल्या. संध्याकाळी वाचून पाहिल्या तेव्हा आपणच आपल्याला नापास करता येत नाही हे लक्षात आलं. तिसऱ्या चिठ्ठीवर आप्पांनी काय म्हटलं असतं ते मला ऐकू येत होतं, आणि ते बरोबर होतं. फाडली.

१२ फेब्रुवारी

कव्हर छापून आलं. निळंच आहे. नाव एकच. माझं.

प्रकाशक म्हणाला, सरांनी त्या दिवशी स्वतः समोर बसून स्वतःचं नाव खोडलं, ऐकेनातच. आप्पांकडे पाहिलं तर ते रेडिओचं बटण फिरवत बसलेले. म्हणाले, पुस्तकाला नाव एकच असतं.

मी कव्हर टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं, खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "नापास."